मॅडमचा फुटाळा

परवा खालच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या आणि म्हणाल्या, "अगं तू आर्किटेक्ट ना, मग त्या ज्यूसच्या फॅक्टरीत दोन वर्षं काय करून राहिली होतीस? शेड तर असते ती, चार खांब न् वर पत्रा." मी "हो काकू" म्हणून हसले, कारण तिसरा मजला आला होता आणि तीन मजल्यांत हे सांगून होत नाही. म्हणून इथे लिहून टाकते, काकू वाचतील की नाही माहीत नाही.

क्लायंट म्हणजे काटोलकडचे दोघं भाऊ. घरचा संत्र्याचा बगीचा, कळमन्याच्या बाजारात व्यापार, आणि ज्या वर्षी भाव पडतो त्या वर्षी बारीक माल मातीमोल विकायची पाळी. तर एकदाचं ठरवलं की आपणच ज्यूस काढायचा, नागपूरजवळ बुटीबोरी एमआयडीसीत प्लॉट घेतला, आणि कोणाच्या तरी ओळखीने माझ्याकडे आले. मी तोवर बंगले, एक मंगल कार्यालय, हिंगण्याला दोन गोडाऊन एवढंच केलेलं. पिण्याची वस्तू बनते अशी जागा एकही नाही. ते मी त्यांना पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं पण धाकट्या भाऊंचं लक्ष मोबाइलमध्ये होतं, ते मला एक फोटो शोधून दाखवत होते. कुठल्यातरी देशातली बिल्डिंग, समोरून अख्खी कापलेल्या संत्र्यासारखी, काचेच्या फोडी न् फोडी. "ताई, असं पाहिजे. वर्धा रोडवरून जाणाऱ्याला दिसलं पाहिजे." प्लॉट वर्धा रोडपासून इतका आत आहे की रोडवरून बघायला हेलिकॉप्टर लागेल, पण पहिल्या मीटिंगमध्ये असं बोलायचं नसतं. मी घरी येऊन दोन रात्री जागून त्या फोडींचं थ्रीडी काढलं. चांगलं झालं होतं, खोटं कशाला बोलू.

मग काका आले. काका म्हणजे भावांनी प्लांट सांभाळायला आणलेला रिटायर्ड माणूस, सगळी हयात बाटल्यांच्या लाइनवर गेलेली, एका कानाने कमी ऐकू येतं ते त्या मशीनच्या आवाजानेच. त्यांनी माझं थ्रीडी बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. "चांगलं आहे मॅडम. पण तुम्ही भिंती नंतर काढजा. पहिले पाणी कुठून येते न् कुठं जाते, ते काढा."

मला राग आला होता तेव्हा. आता वाटतं फी त्यांनाच द्यायला पाहिजे होती.

कारण झालं असं की मी प्लान काढताना संत्र्याचा रस्ता काढला होता, पाण्याचा नाही. संत्र्याचा रस्ता सोपा आहे, एका बाजूने ट्रक येतो, क्रेट उतरतात, धुणं, निवडणं, रस काढणं, गाळणं, पाश्चरायझर म्हणजे रस गरम करून जंतू मारायचं मशीन, फिलिंग, पॅकिंग, गोडाऊन, दुसऱ्या बाजूने ट्रक जातो. एकदा आत शिरलेल्या संत्र्याने मागे फिरून पाहायचं नाही, म्हणजे धुतलेला माल न धुतलेल्याला कुठेही आडवा जाता कामा नये, एवढं मी वाचून गेले होते. पण त्यातही घोळ केलाच. संत्र्यातून साधारण निम्मा रस निघतो आणि निम्मी साल, चोथा, बिया. म्हणजे दहा टन माल आत आला तर जवळजवळ पाच टन कचरा बाहेर जायचाय, रोज, आणि त्या पाच टनांसाठी मी भिंतीत एक मीटरचं दार ठेवलं होतं. बाईंच्या स्वयंपाकघरातून ओला कचरा न्यायला ठेवतात तसलं! काका काहीच बोलले नाहीत, फक्त त्या दारावर पेन्सिलने एक माशी काढली. दुसऱ्या दिवशी मी सालींसाठी पूर्वेच्या बाजूला वेगळा कन्व्हेअर, वेगळा हॉपर आणि ट्रॉली उभी राहायला जागा असं सगळं काढून नेलं.

संत्र्याबद्दल अजून एक गोष्ट मला नागपुरात जन्मून माहीत नव्हती. आपला संत्रा सोलून खाल्ला तर गोड, पण त्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडवट होतो. फळात एक पदार्थ असतो जो स्वतः कडू नसतो, पण पेशी फुटल्या आणि आंबट रसात मिसळला की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, आणि ते कडू. गरम केलं तर अजून लवकर. आणि आपल्याला ज्यूस तर गरम करायचाच आहे. यावर उपाय आहेत, एक म्हणजे रेझिन भरलेल्या टाकीतून रस सोडायचा, ते रेझिन कडूपणा धरून ठेवतं, पण भावांचं बजेट तेवढं नव्हतं, सुरुवातीला ते दुसऱ्या रसात मिसळून ड्रिंक करणार होते. मी मात्र पाश्चरायझरच्या आधी चार बाय सहा मीटरची एक रिकामी जागा सोडली, ड्रेन आणि पाइपच्या तोंडासकट. थोरले भाऊ दर व्हिजिटला विचारायचे, "ही खोली कायची आहे?" मी म्हणायचे, "उद्याची आहे." एकदा चिडून म्हणाले, "उद्याची खोली उद्या बांधू नं." पण ओल्या हॉलमध्ये उद्या काही बांधता येत नाही, सांगते का ते.

या फॅक्टरीत दोन प्रकारची जमीन लागते, ओली आणि कोरडी. पॅकिंग हॉल आणि गोडाऊन कोरडं, तिथे फरशी एकदम सपाट पाहिजे, हँड पॅलेट घेऊन पोरं पळतात, उतार असला की पॅलेट आपणहून चालायला लागतं. आणि फिलिंग हॉल, ज्यूसचा हॉल, सिरपची खोली ही सगळी ओली, तिथे रोज पाइप न् टाक्या आतल्या आत धुतात, सीआयपी म्हणतात त्याला, म्हणजे मशीन न खोलता तिच्यातूनच दीड-दोन टक्के कॉस्टिक सोड्याचं ७५-८० डिग्रीचं पाणी फिरवायचं, मग साधं पाणी, मग ॲसिडचं, परत साधं. वर फुटलेल्या बाटल्या, सांडलेला ज्यूस, नळी घेऊन मारलेलं पाणी. हे सगळं फरशीवर येतं आणि फरशीवर थांबता कामा नये. साखरेचं कोमट पाणी एका रात्रीत कुठे साचलं की त्यात यीस्ट आणि बुरशी यांचं लग्न लागतं, आणि वऱ्हाडी म्हणून त्या बारीक माश्या. म्हणून दर मीटरला १० ते १२ मिलिमीटर उतार, उतार संपतो तिथे स्टीलची नाली, आणि ती नाली नेहमी स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे वाहणारी, उलट कधीच नाही. फरशी आणि भिंत जिथे भेटतात तिथे काटकोन नाही, गोलाई, कारण काटकोनात झाडूही जात नाही न् वायपरही नाही.

आणि हे सगळं काँक्रीट ओतायच्या आधी ठरतं. नंतर उतार देता येत नाही. बंगल्यात बाथरूमचा उतार चुकला तर मिस्त्री दोन दिवसांत फरशी उचकटून देतो, इथे त्या फरशीवर तोवर काही टनांचं मशीन बसलेलं असतं. म्हणून ती उद्याची खोली.

फरशीच्या वरचा थर कोणता यावर महिनाभर वाद. भावांना इपॉक्सी पाहिजे होतं, कोणाच्या तरी औषधाच्या फॅक्टरीत बघितलेलं, आरशासारखं चकचकीत, आणि स्वस्त. पण इपॉक्सीवर रोज ८० डिग्रीचं पाणी पडलं की ते मऊ पडतं, मग फुगतं, मग पापुद्रे. इथे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं काँक्रीट लागतं, ६ ते ९ मिलिमीटरचा जाड थर, थोडा खरखरीत, दिसायला सरकारी ऑफिससारखा. काकांनी वाद एका मिनिटात संपवला. इपॉक्सीवाल्याने आणलेला सॅम्पलचा तुकडा त्यांनी चहाच्या टपरीवर नेला आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यात टाकून दिला. चहा पिऊन झाल्यावर बाहेर काढला आणि नखाने कोपरा उचलून दाखवला. टपरीवाल्याने ते पातेलं आम्हालाच विकत घ्यायला लावलं ते वेगळं.

पण फरशीच्या खाली काय आहे ते त्याहून महत्त्वाचं. बुटीबोरीला आमच्या प्लॉटवर वरची दीड-दोन मीटर काळी माती निघाली. आपल्याकडच्या माणसाला काळी माती समजावून सांगावी लागत नाही, मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा आणि जुलैमध्ये चप्पल सोडत नाही अशी चिकट. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळून आकसते, आणि फुगताना वरची फरशी उचलते. नागपुरातल्या कितीतरी जुन्या घरांत मधली खोली टेकडीसारखी झालेली असते ती याच्यामुळेच. घरात चालून जातं. इथे मी मीटरला १० मिलिमीटर उतार देणार आणि खालून माती फुगून १५ मिलिमीटर वर येणार, म्हणजे पाणी नालीकडून उलटं मशीनकडे. उपाय एकच, काळी माती काढून टाका आणि मुरूम भरा, २० सेंटिमीटरचा एक थर, पाणी, रोलर, टेस्ट, मग पुढचा थर. हा खर्च ऐकून थोरले भाऊ खुर्चीतून उठलेच. "ताई, इतके पैसे जमिनीत गाडायचे? वरून कोणाले दिसणार आहे ते?"

तेव्हा मला एम्प्रेस मिल आठवली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी इथे सुरू केली ती, आता एम्प्रेस मॉल आहे तो तिच्याच जागेवर. ती जागा जुम्मा तलावाजवळची, दलदलीची, स्वस्तात मिळालेली, आणि आधी भराव घालूनच वापरता आली. गोष्ट अशी सांगतात की इथल्या एका सावकाराने भांडवल द्यायला नकार दिला, म्हणाला हा माणूस जमिनीत सोनं गाडून राहिला आहे. आणि पुढे मिल धो धो चालल्यावर तोच म्हणाला की सोनं गाडलं नव्हतं, माती टाकून सोनं काढलं. मी ही गोष्ट सांगितली, जरा रंगवूनच सांगितली. थोरले भाऊ गप्प बसले, मग धाकट्याकडे वळून म्हणाले, "ते फोडीचं राहू दे आता. मुरूम टाका." अशा रीतीने माझं दोन रात्रींचं थ्रीडी मुरमाखाली गेलं. तेही मीच स्वतःच्या तोंडाने घालवलं.

वास्तूचं सांगायचं राहिलं, ते आधीचं आहे, पहिल्या मे महिन्यातलं. गुरुजींनी लेआउट बघून सांगितलं, जमिनीखालची पाण्याची टाकी ईशान्येला. ठीक, तिकडूनच एमआयडीसीची लाइन येत होती. बॉयलर आग्नेयेला. तेही ठीक. आणि ईटीपी, म्हणजे सांडपाण्याचा प्लांट, वायव्येला. इथे माझं डोकं फिरलं. ज्यूसच्या फॅक्टरीचं सांडपाणी म्हणजे दिसायला काही नाही, पण त्यात साखर असते, जिवाणूंना मेजवानी, आणि ते खाताना पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवतात. आपल्या घरांच्या गटाराच्या पाण्यात बीओडी, म्हणजे जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप, लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो, ज्यूसच्या पाण्यात तो हजारांत जातो. नीट चाललं तर वास नाही, पण एक दिवस पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला की बुटीबोरीभर वास. आणि उन्हाळ्यात आपल्याकडे वारा कुठून येतो? पश्चिम न् वायव्येकडूनच. म्हणजे नेमका ऐन सीझनला ईटीपीचा वास फिलिंग हॉलच्या हवेच्या तोंडात.

मी वाद घातला नाही, सगळ्यांना दुपारी चार वाजता साइटवर नेलं. त्रेचाळीस-चव्वेचाळीस टेम्परेचर, झाड एक नाही, धाकट्या भाऊंचा दुपट्टा डोक्यावरून उडून थेट आग्नेयेच्या कुंपणाला जाऊन अडकला. गुरुजी वायव्येच्या खुंटीपाशी उभे राहिले, डोळे किलकिले केले आणि स्वतःच म्हणाले, "वायव्य म्हणजे वायूचीच दिशा हो. वायूपुढे घाण ठेवली तर ती घरातच येणार." मग पूर्व आणि आग्नेय यांच्या मधली एक जागा त्यांनीच शोधून दिली, ज्याला कसलासा श्लोकही निघाला. मला त्यांच्याबद्दल तेव्हापासून आदर आहे, जागेवर जाऊन मत बदलणारे कन्सल्टंट मी फार कमी बघितलेत.

उन्हाचं म्हणाल तर शेडचा पत्रा हा नागपुरात वेगळा विषय. नुसता पत्रा टाकला तर दुपारी खाली तवा. आम्ही छताला पफचे, म्हणजे मधे फोम भरलेले पॅनल घातले, पश्चिमेच्या भिंतीला एकही खिडकी नाही, उजेड उत्तरेकडून. यातली गंमत कूलिंग टॉवरची. ज्यूस साधारण ८५ डिग्रीला बाटलीत भरतात, झाकण लावून बाटली आडवी करतात म्हणजे झाकणही त्या उष्णतेने निर्जंतुक होतं, आणि मग पाण्याच्या फवाऱ्यांच्या बोगद्यातून जाता जाता बाटली थंड होते. ते फवाऱ्याचं पाणी परत थंड करायला कूलिंग टॉवर. मला वाटलं मे महिन्यात तो दम तोडेल. काका म्हणाले, "तुमच्या घरी कूलर आहे नं?" आहेच, नागपुरात कोणाकडे नाही. "मग कूलर कधी चांगला चालते, मे महिन्यात का जुलैत?" झालं, समजलं. मे महिन्यात हवा कोरडी, पाणी पटापट उडतं, गार होतं. जुलै-ऑगस्टमध्ये टेम्परेचर कमी पण हवा दमट, कूलर नुसता चिकचिक करतो. म्हणून टॉवरचा साइज मेच्या नाही, पावसाळ्याच्या हिशेबाने काढला. इंजिनिअरने आकडे मांडून तेच सांगितलं पण मला कूलरवरूनच कळलं.

आणि खर्रा. बाहेरगावच्यांना सांगते, सुपारी, तंबाखू, चुना घोटून बनवलेला हा प्रकार म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच कामगारांचा श्वास आहे. आत शिरताना लॉकर, बूट बदलायला मधे एक बाक, बाकाच्या अलीकडे बाहेरचे बूट न् पलीकडे आतले, पाय उचलून ओलांडल्याशिवाय जाताच येत नाही, मग हात धुणं, टोपी. हे सगळं करून माणूस आत येतो आणि टोपीत खर्रा! शेडचे खांब इंग्रजी आय अक्षरासारखे असतात, त्यांच्या पोटात आडव्या पट्ट्यांवर वीतभर सपाट जागा, कोणाच्याही नजरेत न येणारी. दुसऱ्या एका प्लांटमध्ये मी सहज हात घातला तर खर्र्याच्या चार पुड्या, एक काडेपेटी आणि बोटभर धूळ. त्या दिवशी घरी येऊन मी आमच्या फिलिंग हॉलमधला एकूण एक खांब पॅनलने खालपासून सिलिंगपर्यंत बॉक्स केला आणि खिडक्यांच्या सगळ्या कठड्यांना ४५ अंशांचा उतार दिला. चहाचा ग्लाससुद्धा ठेवता येत नाही त्यावर. रंगकाम करणारी पोरं दिवसभर शिव्या देत होती.

फिलिंग हॉलमध्ये गाळलेली हवा सोडतात आणि तिथला दाब बाहेरपेक्षा थोडा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं की हवा बाहेर जाते, धूळ न् माश्या आत येत नाहीत. हे मोजायला मीटर असतो, तो यायला दोन दिवस लागणार होते आणि काकांना धीर नव्हता. त्यांनी अगरबत्ती पेटवली आणि कन्व्हेअर जिथून भिंतीतून बाहेर निघतो त्या भोकाशी धरली. धूर सरळ वर गेला, जरा घुटमळला आणि मग कोणी ओढल्यासारखा बाहेर निघून गेला. काकांनी हात जोडले. मीही जोडले, काय करणार.

आता माझी चूक.

नाल्या कुठे घ्यायच्या ते फिलर, म्हणजे बाटल्या भरायच्या मशीनच्या पायांवर ठरतं. मशीनवाल्या कंपनीने ड्रॉइंग पाठवलं, त्यावर आर-२ लिहिलेलं, म्हणजे दुसऱ्यांदा सुधारलेलं, त्यावरून मी नाल्या बसवल्या. पुढे ऑगस्टमध्ये त्यांनी आर-३ पाठवलं. बाटली धुणारा भाग नवीन मॉडेलमध्ये मोठा झाला म्हणून पूर्ण फिलर ६०० मिलिमीटर उत्तरेकडे. मेलमध्ये एक ओळ, "किरकोळ बदल, कृपया पाहावे." ती मेल आली तो दिवस तान्ह्या पोळ्याचा, मी लेकीला घेऊन इतवारीत मारबत बघायला गेलेली. पीडा घेऊन जावी म्हणून मिरवणुकीने काढतात ते पुतळे, काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, ती गर्दी, "घेऊन जा गे मारबत" म्हणून सगळ्यांबरोबर मीही घसा बसेपर्यंत ओरडले. ईडा पीडा तिकडे गेली आणि माझी पीडा इनबॉक्समध्ये येऊन बसली. दुसऱ्या दिवशी शंभर मेलमध्ये ती खाली गेली. तिसऱ्या दिवशी स्लॅब ओतला.

डिसेंबरमध्ये मशीन आलं, क्रेनने उतरवलं, रोलरवरून ढकलत जागेवर नेलं आणि त्याचे दोन पाय बरोब्बर नालीच्या जाळीवर. कोणी काही बोललं नाही. हॉलमध्ये वीस माणसं होती आणि मला फक्त बाहेरच्या जनरेटरचा आवाज ऐकू येत होता. मशीनवाल्या कंपनीचा माणूस लॅपटॉप उघडून ती मेल शोधत होता, मी म्हटलं, "शोधू नका, आहे माझ्याकडे."

मशीन सरकवता येत नव्हतं, कन्व्हेअरसाठी भिंतीत भोक पाडून झालं होतं. म्हणजे नालीच सरकवायची. डायमंड कटरने नवीन कोरं पीयू कापलं, स्लॅब कापला, सहाशे मिलिमीटर पलीकडे नवीन नाली, जुनी भरली, परत उतार जुळवले, परत पीयू. बारा दिवस. त्याचा अर्धा खर्च मी माझ्या फीमधून दिला, भावांनी मागितला नव्हता. थोरले भाऊ एवढंच म्हणाले, "जमिनीत गाडले म्हणा."

आणि जिथे जुना उतार नव्या उताराला भेटला, पाचव्या खांबापाशी, तिथे एक खोलगट भाग राहिला. डोळ्याने दिसत नाही, पट्टी लावली तर दोन-तीन मिलिमीटर. चाचणीच्या दिवशी काकांनी पाण्यात नीळ कालवून बादल्या ओतल्या. निळं पाणी सगळीकडून कसं निघालं काय सांगू, भिंतीपासून, टाकीखालून, मशीनच्या पायांना वळसा घालून नालीकडे, शाळा सुटल्यासारखं. मी तर मोबाइलवर शूटिंग करत होते. सगळं पाणी गेलं आणि पाचव्या खांबापाशी पुरीएवढं एक निळं डबकं तिथेच बसून. काका वाकले, त्यात बोट बुडवलं, आणि म्हणाले, "मॅडम, हा तुमचा फुटाळा."

फुटाळा म्हणजे आमच्या नागपुरातला तलाव. नाव पडलं ते पडलंच. दोनदा घासून, भरून बघितलं, एकदा तो पुरीचा बताशा झाला, पण गेला नाही. आता प्रत्येक शिफ्टच्या धुण्याच्या कागदावर शेवटची ओळ आहे, "फुटाळा कोरडा केला," आणि पुढे सही.

मागच्या महिन्यात दुसऱ्याच कामासाठी गेले होते, उद्याच्या खोलीत रेझिनच्या टाक्या बसवायच्या म्हणतायत. संत्र्याच्या अंबिया बहाराचा माल सुरू होता, बाहेर क्रेटचे ढीग, आत तो सालीचा वास जो नाकातून दोन दिवस जात नाही. समोरची बिल्डिंग म्हणजे शेडच आहे, काकू, चार खांब न् वर पत्रा, फक्त गेटवर धाकट्या भाऊंनी हौस म्हणून फायबरचं एक संत्रं बसवलंय, एक फोड सुटलेलं. मी बूट बदलले, बाक ओलांडला, आत गेले. धुणं नुकतंच झालं होतं. एक पोरगी वायपर घेऊन पाचव्या खांबापाशी उभी, नवीन दिसत होती, मला ओळखत नव्हती. मला म्हणाली, "बाजूने जा ताई, फुटाळा आहे तिथं."

"कोणी बांधला गं?" मी विचारलं.

"काय माहीत. पहिल्यापासूनच आहे म्हणते," ती म्हणाली, आणि वायपरने तो एका फटक्यात नालीत ढकलून दिला.